सुलूने सैल सोडलेली दोरी

भाईंदरजवळच्या राई गावात आम्ही ‘न्हाय’ म्हणतो ते ‘नाही’पेक्षा जरा जास्तच नाही असतं. शहरातलं नाही उंबऱ्यात घुटमळतं, कुणी दोनदा विनवलं की चप्पल काढून आत येतं. आमचं न्हाय आतून कडी घालून बसतं. आणि सदूच्या बायकोचं, सुलूचं न्हाय म्हणजे कडी घालून वर अडसर.

सदू खाडीत होडी घालतो, जाळं टाकतो. मिळेल ते सुलू टोपलीत भरून भाईंदर पूर्वेला, केबिन रोडच्या बाजूला बसून विकते. खाडीत मिळेनासं झालं तशी उत्तनच्या बंदरावरून मासळी उचलायला लागली, पण बसायची जागा तीच आणि आवाजही तोच. ‘भाभी, आँख देखो आँख, अभी तक तुमकोच देख रही है!’ अशी हाक मारली की समोरची बाई आधी हसते, मग थांबते, मग पिशवी उघडते.

मिनलताई अशीच थांबलेली. मूळची रत्नागिरीकडची, नवरा लवकर गेला, केबिन रोडवर साडीला फॉल-पिको करायचं एवढंसं दुकान. त्याच्यावरच पोरगा शिकवला. मासळीला यायची तेव्हा पापलेटाचं पोट दाबायची, नाकाला लावायची, परत ठेवायची आणि बोंबील घेऊन जायची. सुलूला हे गिऱ्हाईक भारी डोक्यात जायचं. पुढे तिच्याच परागने सुलूच्या लेकीचा, संचिताचा हात धरला आणि गिऱ्हाईक विहीण झालं. विहिणीला आम्ही येहीन म्हणतो. लग्नात पोरगी हवाली करताना सुलू सगळ्यांदेखत म्हणाली होती, “नीट पोट दाबून बगा हां येहीनबाय, मंग मी परत न्हाय घेनार.” मांडव हसला. मिनलताईही हसली.

तोवर सगळं बरं होतं. संचिताला दिवस गेले आणि बिघडलं.

सुलूने खाडीच्या चिखलातले निवटे मासे आणले, कैरी घालून कालवण केलं आणि डबा घेऊन रिक्षाने लेकीकडे गेली. झाकण उघडलं तशी संचिता तोंडावर हात धरून मोरीकडे पळाली. जी पोर लहानपणी निवट्याचं डोकं चोखून काटा बापाच्या ताटात टाकायची, तिला आता वासही सोसेना. सुलू म्हणाली, ठीक हाय, असं होतं. पण तेवढ्यात मिनलताईने घावणे टाकले, नारळाचा रस काढला, आणि संचिता मोरीतून येऊन, तोंड पुसून, पाटावर बसून जेवली. पोटभर जेवली. बोटं चाटली. सुलू डबा मांडीवर घेऊन समोर बसलेली.

“तुम्ही पण घ्या ना एक,” मिनलताई म्हणाली.

“मना न्हाय पचत गोड,” सुलू म्हणाली. मग घरी येऊन तिने सदूला सांगितलं, “त्या बायनं माजे पोरीवर काय तरी केलंय.”

“घावनं केलंन, आनखी काय?” सदू जाळं शिवत होता.

“तू गप रहा.”

तेव्हापासून सुलूच्या पोटात जे पेटलं ते पेटलंच. डॉक्टरकडे कोण गेलं? मिनलताई. केसाला तेल कुणी लावलं? मिनलताईने. पोर फोनवर बोलायला लागली की दर वाक्यात ‘मम्मी म्हणाल्या’, ‘मम्मींनी सांगितलं’. सुलू ऐकून घ्यायची आणि फोन ठेवला की समोरच्या कोलंबीची डोकी अशी मुरगाळायची की बाजूच्या बाया विचारायच्या, “कोनाची मान गो ती?”

आणि मग डोहाळजेवण आलं. मिनलताईने ठरवलं, होडीतलं करायचं. भंडारदऱ्याला, तलावात. ती तिच्या महिला मंडळाबरोबर तिथे जाऊन आलेली. काय ते पाणी, काय ते डोंगर. पोरीलाही जरा हवा लागेल, डॉक्टर जा म्हणालेत, परागने गाडी सांगितली.

सुलूला आधी कळेचना काय ऐकलं. “होडीतलं?” ती म्हणाली. “होडी आमचे दारात हाय. तिचा बापूस वल्हवील. त्या तलावात कनाला?”

“अहो हो, पण खाडीचा वास येतो ना. तिला सोसत नाही सध्या.”

हे खरं होतं. खोटं असतं तर सुलूने तिथल्या तिथे फाडून टाकलं असतं. खरं होतं म्हणून तिने गिळलं, आणि ते गिळलेलं तिला भंडारदऱ्यापर्यंत पुरलं.

जानेवारीत निघाले. गाडीत परागच्या शेजारी सदू, मधे मिनलताई आणि संचिता, आणि मागे डबे, पिशव्या, केळीचे खुंट यांच्यात सुलू. कसाऱ्याचा घाट चढेस्तोवर संचिताचं डोकं मिनलताईच्या खांद्यावर. सुलूने बाहेर एकही डोंगर पाहिला नाही. ती ते डोकं बघत होती. एकदा ते खांद्यावरून घसरलं तशी ती मागून हात पुढे करायला गेली, पण मिनलताईने झोपेतल्या झोपेत ते सावरून परत ठेवलं.

पहिल्या दिवशी पराग म्हणाला, एवढं आलोय तर सांधण दरी बघून जाऊ. संचिताला अर्थातच वरच ठेवायची. सदू तिच्याबरोबर साम्रद गावात एका अंगणात, सावलीला खाटेवर बसला. बाकीचे तिघं खाली उतरले.

एखादी मोठी सुरमई पोटातून चिरावी तसा तिथे डोंगर चिरलेला आहे. दोन्ही बाजूंनी काळा खडक उभाच्या उभा, आणि मधून माणूस जाईल एवढी फट. आत शिरलं की वर आभाळाची नुसती पट्टी उरते. ऊन बाहेरच राहतं. खाली गाडीएवढे धोंडे पडलेत, त्यांवरून चढत-उतरत जायचं. मिनलताईने पंजाबी ड्रेस घातलेला आणि पायात नवे बूट, जांभळ्या लेसचे. ती टुणटुण चालली होती आणि दर धोंड्यावर परागला फोटो काढायला लावत होती. सुलूने चपला वरच काढून ठेवलेल्या, लुगडं खोचलेलं. चिखलात आयुष्य गेलेलं, तिचा पाय कुठे सुटत नव्हता. पण तिचा फोटो काढायचं कुणाला सुचलं नाही.

पुढे पाणी लागलं. दोन भिंतींच्या मधे कोंडलेलं, काळं, बर्फासारखं थंड. पलीकडे जायचं तर त्यातूनच. मिनलताई काठावर थांबली.

“नको बाई, मला पोहता येत नाही.”

“कमरंएवढं तर हाय,” सुलू म्हणाली आणि सरळ आत उतरली. पाण्यात उतरल्यावर तिला बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. हिथं तरी ही माजे मागं. मधोमध उभी राहून तिने वळून पाहिलं, “या की येहीनबाय! मी हाय ना. धरीन मी.”

मिनलताई धोंड्यावर बसली. बुटाची लेस बांधता बांधता, सहज सांगावं तसं म्हणाली, “तुमच्याशी बोलायचंच होतं. बाळंतपणाचं म्हणते मी. डॉक्टर आपल्या घराजवळच आहेत, नाव घातलंय. मग म्हटलं, नंतर तरी राईला कशाला ओढाताण? सव्वा महिना राहू दे आमच्याकडेच. तुम्ही येऊन बघून जात जा ना. संचितालाही तसंच बरं वाटतंय.”

आमच्याकडे पहिलटकरीण आईच्या घरी येते. आईने शेक द्यायचा, आईने मालीश करायची, बाळाचं पहिलं पाणी आईच्या अंगणात सांडायचं. सुलूने त्यासाठी शेकाची शेगडी काढून ठेवलेली, गोवऱ्या लावून ठेवलेल्या, मागच्या खोलीला चुना मारून ठेवलेला. आणि ही बाय म्हणते, बघून जात जा.

“न्हाय!” सुलू म्हणाली.

बाजारातला आवाज तो. दोन भिंतींच्या मधे असा काय फुटला, की वरून, खालून, पुढून ‘न्हाय… न्हाय… न्हाय…’ येत राहिलं. पलीकडे दोर बांधत बसलेली ट्रेकची पोरं माना वर करून बघायला लागली. पराग भिजलेल्या मांजरासारखा मधे उभा. “अगं आई, मम्मी, आपण वर जाऊन बोलूया का?”

वर गेले. बोलणं झालं नाही. संचिता खाटेवरून उठली आणि पहिली मिनलताईकडे गेली. “मम्मी, तुम्ही भिजल्या नाहीत ना? फार गारठा असतो म्हणे आत.”

मिनलताईच्या अंगावर थेंब नव्हता. सुलू कमरेपर्यंत निथळत उभी होती. तिच्याकडे बघून लेक म्हणाली, “आई, पिशवीत दुसरं लुगडं हाय ना?” बस्स. ह्या आवशीला भिजलेलंच बघत पोर मोठी झालेली, तिला त्यात नवल वाटलं नाही एवढंच. पण सुलूने ते तसं घेतलं नाही.

संध्याकाळी तलावाकाठच्या मुक्कामी ती एकटीच लुगडं पिळत बसली. सदूने विचारलं, “काय झालं गो?”

“पोरगी गेली हातची.”

“लग्नाला दोन वरसं झाली, तुला आज कल्ली?”

सकाळी उजाडताच मिनलताई पाण्यावर गेली. उत्तम नावाचा तिथला होडीवाला, त्याची होडी तिने ठरवलेली. दोघांनी मिळून होडी सजवली. केळीचे खुंट बांधले, झेंडूच्या माळा सोडल्या, आणि वरून हिरवं छत घातलं. ते छत मिनलताईने स्वतः शिवलेलं. दुकान बंद झाल्यावर मशीनवर बसून, साडीच्या तुकड्यांना तुकडे जोडून, कडेने सगळीकडे पिको, मधे टिकल्या, चार कोपऱ्यांना गोंडे. पाण्यावर ते असं हललं की काठावरचे दुसरे प्रवासीही फोटो काढायला आले.

सुलूने ते लांबून पाहिलं. तिला त्या छताला नावं ठेवायची होती. ठेवायला काही सापडेना. हे जास्त लागलं.

“चला, पोहे तयार आहेत,” पराग म्हणाला आणि सगळे वर गेले. सुलू जरा मागे राहिली. होडीकडे बघता बघता तिची नजर दोरीवर गेली. उत्तमने होडी खुंटाला अगदी आखूड बांधलेली, नाक काठाला टेकलेलं. राईच्या खाडीत अशी बांधली तर ओहोटीला पाणी खाली जातं, होडी नाकाने दोरीला टांगून राहते आणि आतलं सगळं चिखलात. लग्नाच्या वर्षी तिने स्वतः अशी बांधली होती आणि सासऱ्याच्या शिव्या खाल्ल्या होत्या. तेव्हापासून दोरी दिसली की तिचा हात आपोआप जातो. त्यात काल पुनव. पुनवेला उधाण, पाणी जेवढं चढतं तेवढंच उतरतं. एवढं सजवलेलं, आणि ह्या माणसाला एवढी अक्कल न्हाय? तिने गाठ सोडली, खाली पडलेलं सगळं वेटोळं मोकळं केलं, आणि दोरी चांगली लांब सैल ठेवून परत पक्की गाठ मारली.

वर येऊन पोह्याची बशी घेतली तेव्हा तिला बरं वाटत होतं. बाकी काही न्हाय तर होडी आपल्या हातची बांधलेली.

ऊन वर आलं तसा रतनगडाकडून वारा सुटला.

संचिताला हिरवी साडी नेसवून, फुलांचे दागिने घालून सगळे खाली आले तेव्हा होडी जागेवर नव्हती. लांब दोरीवर वाऱ्याने फिरत ती बाजूच्या खडकांत गेलेली आणि आडवी पडून आपटत होती. केळीचे खुंट मोडलेले. झेंडू पाण्यावर पसरलेले. हिरवं छत एका कोपऱ्याने होडीला अडकून बाकीचं चिखलात लोळत होतं.

“दोरी कुणी सोडली?” उत्तम ओरडला. “मी हातभरच ठेवली होती!”

संचिता आईकडे बघत होती. परागही. मिनलताईने तर छतावरून नजरच काढली नव्हती.

“मी,” सुलू म्हणाली.

“कशाला पण?”

“पानी उतरल्यावर टांगली असती म्हनून. काल पुनव होती.”

उत्तम तिच्याकडे वळला. “मावशी, हे धरण आहे. इथं पुनव काय करणार? इथलं पाणी दार उघडल्यावर उतरतं, आणि तेही तुम्हाला दिसणार नाही.”

काठावरचे प्रवासी हसले. सदूने कपाळाला हात लावला. मिनलताई हसली नाही. ती हळू आवाजात म्हणाली, “विहीणबाई, तुम्हाला नको होतं तर तसं सांगायचं. मी नसतं केलं.”

हे सगळ्यांच्या मनात होतं, ते तिने बोलून दाखवलं. परागने बायकोकडे पाहिलं, आणि त्या बघण्यात सुलूला दिसलं, की आता मागच्या खोलीचा चुना, गोवऱ्या, शेगडी, सगळं गेलं. जिने जळून लेकीचं डोहाळजेवण बुडवलं तिच्या घरी कोण पाठवील सून?

“जलत होते,” सुलू म्हणाली. आवाज बारीक नव्हता. “ते खरं हाय. घावन्यांपासनं जलते. तुमचं छत बगून पन जलले. खोटं कनाला बोलू? पन दोरी जलून न्हाय सोडली. दोरी होडीसाटी सोडली.”

एवढं बोलून ती लुगडं खोचून पाण्यात उतरली आणि होडीकडे निघाली.

तेवढ्यात मागे कुणीतरी फिसकन हसलं. संचिता. पोटावर हात धरून ती खडकावर बसली आणि हसायलाच लागली. फुलांचा बाजूबंद तुटून पडला.

“मम्मी, ती खोटं नाही बोलत,” ती म्हणाली. “आमच्याकडे शेळीसुद्धा लांब दोरीने बांधतात. उधाणाचं पाणी अंगणात आलं तर तिला ओट्यावर चढता यावं म्हणून. आई तर पापडाच्या डब्याचा दोरा पण सैल बांधते.” मग तिने डोळे पुसले. “आणि खरं सांगू? काल संध्याकाळी ही होडी बघितली ना, तेव्हा माझ्यापण मनात आलं, दोरी आखूड हाय. उतरून सोडणार होते. पण वाकता येईना.”

तिने ‘हाय’ म्हटलं. सासरी आल्यापासून मिनलताईने तिच्या तोंडून ‘आहे’च ऐकलेलं.

मिनलताईने सुनेकडे पाहिलं. मग पाण्यातल्या सुलूकडे. मग परत सुनेकडे. सुलू तेव्हा होडीचं नाक धरून वळली होती आणि तिला ते डोळे नेमके दिसले. तिने ते लगेच ओळखले. घावण्यांच्या दिवसापासून ती रोज वेणी घालताना आरशात तेच डोळे बघत होती. चिखलातल्या छताचं काही नव्हतं त्यांत. मिनलताईचं पोट दुखत होतं. एवढे घावणे खाऊनही ही पोर तिची झाली नव्हती.

सुलूला दया आली असं मी म्हणणार नाही. तिला गंमत वाटली. फार दिवसांनी भूक लागल्यासारखंही वाटलं.

डोहाळजेवण झालं. छत पिळून, ओलंच परत बांधलं. खुंट मोडके, झेंडू निम्मे. उत्तमने वल्हं सुलूच्या हातात दिलं, बहुतेक भीतीनेच. होडी हलली तशी मिनलताईने किंचाळून सुलूचा दंड धरला आणि काठाला लागेपर्यंत सोडला नाही. ओटी तिनेच भरली, पण एका हाताने.

“आता सांग, काय खावंसं वाटतंय?” पराग हसत विचारायला लागला.

“घावणे,” संचिता म्हणाली. मिनलताईचा चेहरा फुलला. “आणि त्याच्याबरोबर सुका जवळा. आईच्या हातचा. त्याचा वास चालेल.”

दोघी विहिणी एकाच वेळी म्हणाल्या, “त्याच्याबरोबर?”

“आणि सव्वा महिना मी राईलाच जाणार. डॉक्टर मम्मींचा, शेक आईचा.”

परतताना गाडीत सुलू मधे बसली. मागे पिशव्यांत मिनलताई. सुलूने घाटातले सगळे डोंगर पाहिले आणि दर डोंगराला मागे वळून म्हणाली, “बगलंत काय येहीनबाय? लई भारी हाय.”

आता संचिता राईत आहे. मुलगी झाली. नाक सदूचं आहे. मिनलताई म्हणते परागच्या वडिलांचं आहे, पण त्यांना बघितलेलं इथे कुणीच नाही, त्यामुळे ते चालत नाही. मागच्या खोलीत शेगडी धुमसते. आणि रोज संध्याकाळी दुकान बंद करून मिनलताई रिक्षाने राईला येते, घावण्यांचा डबा घेऊन. सुलू तिला दारातच सांगते, “आताच झोपलीय हां.” मिनलताई म्हणते, “बघते नुसती,” आणि आत जाऊन बसते ती जेवूनच उठते.

“ही बाय आपले घराकडं जाईल का न्हाय?” सुलू सदूला विचारते.

“तू जा मंग तिचे घराकडं,” सदू म्हणतो.

बाळाची झोळी त्या हिरव्या छताची आहे. मिनलताईने चिखल धुऊन, टिकल्या काढून, दुहेरी शिवून दिली. सुलूने ती आढ्याला टांगली, तिच्या पद्धतीने. दोरी एवढी लांब, की झोळी जमिनीपासून वीतभर झुलते. मिनलताईला ते बघवत नाही. मांजर येईल, उंदीर येईल म्हणते. रोज आली की स्टुलावर चढते आणि दोरीला एक वेढा जास्त देऊन झोळी वर घेते. सुलू चुलीपाशी बसून बघते.

रिक्षा वळणावरून गेल्याचा आवाज आला की ती उठते, स्टूल ओढते, आणि दोरी परत सैल सोडते.